एकाच मॉसफेटची तीन तापमाने : थर्मोकपल नेमका कसा बसवावा?

शुद्धतरंग (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांना लागणाऱ्या ६० वॅटच्या ड्रायव्हरची (दिव्याला योग्य वीज पुरवणाऱ्या सर्किटची) तापमान चाचणी सध्या आमच्याकडे चालू आहे आणि वरवर साध्या वाटणाऱ्या एका प्रश्नावर काम अडले आहे. प्रायमरी बाजूचा, म्हणजे मेन्सच्या विजेकडचा मॉसफेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) टीओ-२२० आकाराचा असून मागच्या बाजूनेही प्लास्टिकने झाकलेला आहे. त्याच्या पुढच्या पृष्ठभागावर के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाशी जोडून केलेला तापमापक) कॅप्टन टेपने, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या पॉलिइमाइडच्या चिकटपट्टीने लावला, तेव्हा तापमान स्थिरावल्यावर मीटरने ८१ अंश दाखवले. तोच थर्मोकपल त्याच जागी गोंदाने बसवला, तर ८८ दाखवले. भार तोच होता आणि खोलीचे तापमान दोन्ही वेळा ३० अंश होते. झाकण उघडेच असल्यामुळे थर्मल कॅमेराही रोखून पाहिला, तर त्याच्या मते तिथे ९३ अंश आहेत.

या घटकासाठी आमच्या विभागाने आखून घेतलेली मर्यादा ९० अंशांची आहे. म्हणजे टेपच्या मते माल पास, गोंदाच्या मते जेमतेम पास आणि कॅमेऱ्याच्या मते नापास. मीटर आणि थर्मोकपल दोन्ही बर्फाच्या पाण्यात तपासून घेतले असून त्यांत दोष नाही. तेव्हा प्रश्न जोडणीचाच उरतो. थर्मोकपल कशाने चिकटवावा, तार किती जाडीची घ्यावी, ती कोणत्या बाजूने न्यावी आणि घटकाच्या नेमक्या कोणत्या भागावर टोक बसवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रतिसाद : तापमान तपासनीस

थर्मोकपल मॉसफेटचे तापमान कधीच दाखवत नाही, तो फक्त स्वतःच्या टोकाचे तापमान दाखवतो. हे टोक आणि मॉसफेटचा पृष्ठभाग यांत किती अंतर पडते, ते जोडणीवर ठरते. टोकाकडे घटकातून उष्णता येत असते आणि त्याच वेळी तारेतून व आजूबाजूच्या हवेत ती निसटत असते. या दोन प्रवाहांचा तोल जिथे साधतो, तो आकडा मीटरवर दिसतो. त्यामुळे ही चूक जवळजवळ नेहमी एकाच दिशेने होते, म्हणजे खरे तापमान दिसते त्याहून जास्त असते. तुमच्या तीन आकड्यांपैकी सर्वांत कमी आकडा टेपचा असावा, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

टेपखाली काय होते ते भिंगातून पाहण्यासारखे आहे. थर्मोकपलचे टोक गोल असते आणि पृष्ठभाग सपाट, त्यामुळे ते जेमतेम एका बिंदूत टेकते. टेप टोकावरून तंबूसारखी ताणली जाते आणि दोन्ही बाजूंना हवेची पोकळी राहते. स्थिर हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, तर काहीही न मिसळलेल्या साध्या इपॉक्सीचीसुद्धा ०.२ च्या आसपास असते. म्हणजे त्या पोकळीत नुसता गोंद भरला तरी वाट सात-आठ पट सुकर होते. शिवाय तापल्यावर टेपचा चिकटपणा सैलावतो, तार स्वतःच्या ताठरपणामुळे सरळ होऊ पाहते आणि तासाभराने टोक केसभर उचलले जाते. डोळ्यांना ते दिसत नाही, मीटरवर मात्र तीन-चार अंश कमी होतात आणि आपण समजतो की घटक स्थिरावला.

दुसरी गोष्ट प्लास्टिकची. काही मॉसफेटच्या पाठीला धातूची उघडी पट्टी, म्हणजे टॅब असतो; तशा टॅबवर हाच थर्मोकपल असाच लावला असता तर फरक बराच कमी दिसला असता. थर्मोकपलने टॅबवरून थोडी उष्णता ओढली तरी तांबे ती बाजूने लगेच भरून काढते. घटकाच्या प्लास्टिक आवरणाची वाहकता एका वॅटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, तांब्याची सुमारे ४००. त्यामुळे प्लास्टिकवर टोक टेकते तिथे लहानसा थंड डाग तयार होतो आणि तुम्ही त्या डागाचे तापमान मोजत बसता. तार जितकी जाड, तितका तो डाग थंड. तुमची तार कोणती आहे, ते लिहिलेले नाही. मल्टिमीटरसोबत येणारी असेल तर या चाचणीसाठी ती बाजूला ठेवा.

प्रतिसाद : शुद्धतरंग

आपला अंदाज बरोबर आहे. तार मीटरसोबतच आलेली असून मोजली तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे २४ गेज. कोणती घ्यावी? आणि के-टाइपच घ्यावी की टी-टाइप?

प्रतिसाद : तापमान तपासनीस

३६ गेज घ्या. तिचा व्यास ०.१२७ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या तारेच्या चौथाई, आणि व्यास चौथाई झाला की छेदाचे क्षेत्रफळ सोळावा हिस्सा होते. ३० गेजची, म्हणजे पाव मिलिमीटरची तार हाताळायला सोपी असते, आणि मोठ्या हीटसिंकवर, ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर किंवा आवरणाच्या पत्र्यावर ती खुशाल वापरावी. परंतु आठ पायांची आयसी, छोटा डायोड किंवा प्लास्टिकचा माथा असेल तिथे ३६ किंवा ४० गेजच हवी. ४० गेजची तार ०.०८ मिलिमीटरची असते आणि ती हाताळताना श्वास रोखावा लागतो.

टी-टाइपमध्ये एक तार तांब्याची असते आणि तीच अडचण आहे. के-टाइपमधल्या क्रोमेलची वाहकता १९ च्या आसपास आणि अल्युमेलची ३० च्या आसपास. म्हणजे एकाच जाडीची टी-टाइप तार के-टाइपच्या कितीतरी पट उष्णता पळवते. दुसरीकडे टी-टाइप मुळात अधिक अचूक असते. पहिल्या वर्गातील टी-टाइपला ०.५ अंशाची सूट असते, तर त्याच वर्गातील के-टाइपला १.५ अंशाची. परंतु वाईट जोडणीने आठ-दहा अंश जात असताना त्या एका अंशाचा हिशेब करण्यात अर्थ नाही. आधी जोडणी सुधारावी आणि प्रकाराची चर्चा मग करावी.

आता तार नेण्याची पद्धत. टोकापासून तार सरळ वर हवेत उचलली की ती पंखासारखे काम करते आणि टोकाची उष्णता थेट हवेत सोडते. म्हणून टोकापुढची निदान दोन सेंटीमीटर तार शक्यतो घटकाच्या किंवा सर्किट बोर्डाच्या गरम पृष्ठभागालगत न्यावी आणि मगच बाहेर काढावी. असे केले की टोकाजवळची तार टोकाइतकीच तापलेली असते आणि तिच्यातून वाहायला उष्णता फारशी उरत नाही. आयसीवर माथ्याच्या मध्यापासून तिरक्या रेषेत कोपऱ्याकडे आणि तिथून खाली बोर्डावर अशी वाट बरी पडते. पंख्याच्या झोतात मोजत असाल तर हा नियम दुप्पट काटेकोरपणे पाळावा.

प्रतिसाद : पीसीबी आखणारी

तपासनीस काकांच्या मुद्द्यांत एक भर घालते, कारण नव्या मुलांकडून हे नेहमी सुटते. अनेक जण तारेच्या दोन्ही टोकांना पाच-सहा पीळ देतात, शेंड्याला सोल्डरचा थेंब लावतात आणि तो थेंब घटकावर चिकटवतात. परंतु मीटरकडून येताना दोन्ही तारा पहिल्यांदा एकमेकींना जिथे टेकतात, तिथेच विद्युत जोड पूर्ण होतो. पीळ पृष्ठभागापासून पाच मिलिमीटर वर सुरू होत असेल, तर मोजमाप मुख्यतः त्या पाच मिलिमीटर वरच्या जागेचे होते, आणि खाली थेंब कितीही सुबक असला तरी त्याचा उपयोग नाही. म्हणून पीळ देऊच नये, किंवा वेल्डिंगनंतर पिळाचा भाग कापून फक्त शेंड्याचा गोळा ठेवावा. त्या गोळ्याचा व्यास तारेच्या दुप्पट-अडीचपट असला की पुरे. वेष्टन सोललेली तार गोळ्यापाशी दोन-तीन मिलिमीटरच उघडी असावी आणि तिथे दोन तारा एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या दिसाव्यात.

टोक कुठे बसवावे, याचे उत्तर तुम्ही त्या आकड्याचे पुढे काय करणार यावर अवलंबून आहे. आतल्या चिपचे तापमान काढायचे असेल, तर माथ्याचे तापमान घेऊन त्यात डेटाशीटमधला थीटा-जेसी (चिपपासून आवरणापर्यंतचा उष्णतारोध) गुणिले वॉट मिळवण्याची चाल फार दिसते, पण ती इथे लागू नाही. थीटा-जेसी मोजताना जवळजवळ सगळी उष्णता आवरणाच्या एकाच बाजूने मुद्दाम बाहेर काढलेली असते. बोर्डावर बसलेल्या आयसीची बहुतांश उष्णता पायांतून आणि तळाच्या पॅडमधून बोर्डात जाते आणि माथ्यातून थोडीच वर येते. अशा वेळी साय-जेटी (दर वॉटमागे चिप आणि माथा यांच्या तापमानात पडणारा फरक) हा आकडा वापरावा. आतले तापमान म्हणजे माथ्याच्या मध्याचे तापमान अधिक साय-जेटी गुणिले त्या घटकात खर्च होणारे वॉट. जेडेक या सेमीकंडक्टर उद्योगाच्या मानक संस्थेच्या जेईएसडी-५१ मालिकेत या राशीची व्याख्या आणि ती मोजण्याची रीत दिलेली आहे. बारीक तार, गोंदाचा अगदी लहान थेंब आणि आवरणाला चिकटून खाली नेलेली तार अशीच ती रीत आहे. साय-जेटी सहसा लहान असतो, त्यामुळे माथ्यावरची तीन अंशांची चूक जवळजवळ तशीच्या तशी आतल्या तापमानात उतरते.

तळाला पॅड असलेल्या आयसीसाठी मी स्वतः बोर्डाच्या मागच्या बाजूला, नेमक्या त्याच जागेखाली, व्हायांच्या (बोर्डाच्या आरपार जाणाऱ्या तांब्याच्या भोकांच्या) तांब्यावर दुसरा थर्मोकपल लावते. हा आकडा चिपचा नव्हे, पण तांब्यावरचा असल्यामुळे तो सहजी फसवत नाही, आणि दोन नमुन्यांची तुलना करायला उत्तम.

प्रतिसाद : जुना रेडिओवाला

सर्वांनी गोंदाचीच बाजू घेतलेली पाहून लिहावेसे वाटले. धातूचा टॅब, डायोडचा पाय किंवा तांब्याचे पॅड असेल तिथे सोल्डरसारखी दुसरी जोडणी नाही. टोक आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये हवा राहत नाही, गोंद राहत नाही आणि चाचणी आठवडाभर चालली तरी काही सुटत नाही. जोडात सोल्डर हा तिसरा धातू आला म्हणून मोजमाप बिघडते अशी एक भीती असते, ती अनाठायी आहे. सोल्डरचा सगळा थेंब एकाच तापमानाला असेल तर त्याने व्होल्टेजमध्ये काहीही भर पडत नाही.

अडचण एवढीच की क्रोमेल आणि अल्युमेलला साधा रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट पसरावे म्हणून लावायचा पदार्थ) धरत नाही. थेंब वरून बसल्यासारखा दिसतो आणि तार ओढली की अलगद निघून येते. त्यांना आम्लयुक्त फ्लक्स लागतो आणि तो लावला तर नंतर स्वच्छ धुणे अटळ आहे, नाहीतर काही महिन्यांत बोर्डावर हिरवट बुरशीसारखा थर दिसू लागेल. टी-टाइपचे तांबे आणि कॉन्स्टंटन त्या मानाने सहज सोल्डर होतात. रिफ्लो भट्टीचा (बोर्डावरचे सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीचा) प्रोफाइल, म्हणजे वेळेनुसार तापमानाचा आलेख काढताना साधे सोल्डर चालत नाही, कारण शिसेविरहित एसएसी-३०५ हे २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि भट्टी त्याहून वर जाते. त्यासाठी ८८ टक्के शिसे, १० टक्के कथील आणि २ टक्के चांदी असलेले सोल्डर मिळते, ते २६८ अंशांपर्यंत घट्ट राहते.

प्रतिसाद : ओमचा नियम

रेडिओवाले काका, टॅबवर सोल्डर करण्याचा सल्ला देताना तो टॅब कशाला जोडलेला आहे हे आधी विचारायला हवे होते. ज्या मॉसफेटची धातूची पाठ उघडी असते, तिथे ती पाठ म्हणजे ड्रेन, मॉसफेटचे उच्च व्होल्टेजचे टोक. २३० व्होल्टवर चालणाऱ्या ड्रायव्हरमध्ये ब्रिजच्या (एसीचे डीसी करणाऱ्या डायोडांच्या) पुढे सुमारे ३२५ व्होल्ट असतात, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असेल तर ४०० च्या आसपास, आणि चालू असताना ड्रेनवर त्याहूनही जास्त. थर्मोकपल म्हणजे उघडी तार. ती तिथे सोल्डर केली की मीटरच्या सॉकेटवर, डेटा लॉगरवर आणि तो यूएसबीने जोडलेला असेल तर लॅपटॉपवर तेच व्होल्टेज पोचते. एकाच लॉगरच्या दोन चॅनलना वेगवेगळ्या व्होल्टेजवरचे दोन थर्मोकपल जोडले आणि चॅनलमध्ये आपापसांत विलगता नसेल, तर लॉगर जळतो. माणूस वाचला तर नशीब.

प्रायमरी बाजूला उघड्या धातूवर मोजायचेच असेल तर मध्ये कॅप्टनचा एक थर द्यावा, त्यावर टोक ठेवून इपॉक्सी लावावी आणि विलगता मेगरने (उच्च व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासल्याशिवाय वीज चालू करू नये. एका थराने पडणारा फरक, टोक नीट चिकटवलेले असेल तर, सहन करण्याजोगा असतो.

जिवाला धोका नसला तरी गोंगाटाचा त्रास असतोच. के-टाइप अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतो आणि शेजारी काहीशे व्होल्ट मायक्रोसेकंदापेक्षा कमी वेळात वरखाली होत असतात. मीटरवरचा आकडा खरा की गोंगाटाचा, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. तापमान स्थिरावल्यावर आकड्यावर नजर ठेवून वीज बंद करावी. तापलेली वस्तू एका क्षणात थंड होऊ शकत नाही, म्हणून आकडा हळूहळू उतरायला हवा. बटण दाबताक्षणी तो चार-पाच अंशांनी खाली किंवा वर उडी मारत असेल, तर तेवढा भाग तापमानाचा नव्हताच. मग तारांच्या जोडीला एकमेकींभोवती पीळ द्यावा (हा पीळ वेष्टनासकट, टोकापासून दूर), फेराइटच्या कड्यातून दोन-तीन वेढे काढावेत आणि मीटर बॅटरीवर चालवून पाहावा.

प्रतिसाद : जुना रेडिओवाला

मान्य. माझे म्हणणे सेकंडरी बाजूच्या आणि ग्राउंडवरच्या पॅडांपुरते समजावे.

प्रतिसाद : नागपूरकर

एक शंका. थर्मल कॅमेरा एवढा स्वस्त झालेला असताना हा सगळा खटाटोप कशासाठी? धागालेखकांच्या कॅमेऱ्याने तर सगळ्यांत जास्त, म्हणजे बहुधा सगळ्यांत खरा आकडा दाखवला आहे.

प्रतिसाद : तापमान तपासनीस

या ठिकाणी कॅमेरा खरोखरच सर्वांत जवळ असावा, कारण काळे, खरखरीत प्लास्टिक अवरक्त किरण चांगले सोडते आणि कॅमेरा पृष्ठभागावरून काहीच ओढत नाही. परंतु याच बोर्डावर अर्ध्या सेंटीमीटरवर असलेल्या चकचकीत अल्युमिनियमच्या हीटसिंककडे तो रोखला, तर कॅमेऱ्याला हीटसिंकपेक्षा त्यात पडलेले तुमचे प्रतिबिंबच अधिक दिसते. चकचकीत अल्युमिनियमची उत्सर्जकता (स्वतःचे अवरक्त किरण सोडण्याची क्षमता, कमाल १) ०.१ च्याही खाली असू शकते, काळ्या विद्युत टेपची ०.९५ च्या आसपास. हीटसिंकवर त्या टेपचा तुकडा लावून मोजले तर आकडा जुळतो.

खरी अडचण निराळी आहे. रस्त्यावरच्या दिव्याचा ड्रायव्हर झाकण लावून आणि बहुतेक वेळा आत पॉटिंगचे (ओतल्यावर घट्ट होऊन घटक झाकणारे) मिश्रण ओतून चालतो. झाकण उघडले की हवा बदलते आणि झाकण लावले की कॅमेरा आंधळा होतो. म्हणून कॅमेरा दोन कामांसाठी वापरावा : कोणते घटक सर्वांत गरम आहेत ते शोधून थर्मोकपल कुठे बसवायचे ते ठरवण्यासाठी, आणि उघड्या बोर्डावर थर्मोकपलची जोडणी पडताळण्यासाठी. दोन्ही आकडे दोन अंशांच्या आत आले की झाकण लावावे. पॉटिंग ओतायचे असेल तर सगळे थर्मोकपल त्याआधी पक्के बसलेले हवेत. ओतताना जाड मिश्रणाच्या ओढीने टेपवरचे टोक हमखास सरकते आणि नंतर ते कुठे गेले हे ड्रायव्हर फोडल्याशिवाय कळत नाही.

प्रतिसाद : पीसीबी आखणारी

गोंद लावण्याची माझी पद्धत लिहिते, कारण बहुतेक चूक याच दहा मिनिटांत होते. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा होऊ द्यावा. सर्वांत आधी तार अडकवावी, टोक नव्हे. टोकापासून दीड-दोन सेंटीमीटरवर कॅप्टनच्या तुकड्याने तार बोर्डावर घट्ट बसवावी आणि मग चिमट्याने तार किंचित वाकवून टोक स्वतःच्या स्प्रिंगसारख्या दाबाने पृष्ठभागावर टेकेल असे करावे. इथे भिंग लावून पाहावे. टोक आणि प्लास्टिक यांच्यामधून उजेडाची रेघ दिसत असेल तर अजून वाकवावे. गोंद ही रेघ भरून काढील या आशेवर पुढे जाऊ नये, कारण मग टोक गोंदावर तरंगत राहते.

त्यानंतर टाचणीच्या टोकावर इपॉक्सी घेऊन ती टोकाभोवती लावावी. टोक झाकले जाईल आणि कडेने पृष्ठभागाला बारीक उतार तयार होईल इतकीच. थेंब दोन मिलिमीटरहून मोठा नको. मोठा थेंब ठेवला की तो स्वतःच हवेत उष्णता सोडू लागतो, आणि लहान आयसीवर तर तो माथ्याचा निम्मा भाग व्यापून घटकाचे वागणेच बदलतो. धातूची किंवा सिरॅमिकची भुकटी मिसळलेली उष्णतावाहक इपॉक्सी मिळाली तर उत्तम. मिळाली नाही तर दोन नळ्यांचे साधे अरल्डाइटही उघड्या टेपपेक्षा कितीतरी चांगले.

झटपट गोंदाविषयी मात्र मतभेद आहेत. ज्याला आपण सरसकट फेविक्विक म्हणतो तो सायनोॲक्रिलेट गोंद घाईच्या तुलनेसाठी सोयीचा आहे आणि प्रयोगशाळांमध्ये तो वेगाने सुकवणाऱ्या फवाऱ्यासह वापरलाही जातो. परंतु साध्या प्रकारची पकड ८० अंशांच्या पुढे कमकुवत होऊ लागते, आणि मोजायचे तर तुम्हाला ९० आहे. त्याच प्रकारात उष्णता सोसणारे गोंदही असतात, तेव्हा बाटलीवरची मर्यादा वाचून घ्यावी. अल्युमिनियमची चिकटपट्टी प्लास्टिकच्या माथ्यावर लावू नये. ती पृष्ठभागावरची उष्णता पसरवून तापमान बदलते, आणि तिच्या कडा शेजारच्या पायांना टेकल्या तर निराळेच प्रकरण उभे राहते.

प्रतिसाद : नागपूरकर

ट्रान्सफॉर्मरचे काय करावे? बाहेरून थर्मोकपल लावला तर वरच्या पिवळ्या टेपचे तापमान कळते, आतल्या वाइंडिंगचे नव्हे.

प्रतिसाद : ओमचा नियम

वाइंडिंग स्वतःच तापमापक आहे, कारण तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढतो. समजा, सुरुवातीला सगळे २८ अंशांवर असताना वाइंडिंगचा रोध २.०० ओहम होता आणि चाचणीच्या शेवटी तो २.५२ झाला. २.५२ ला २.०० ने भागावे, त्याला २३४.५ अधिक २८ म्हणजे २६२.५ ने गुणावे आणि २३४.५ वजा करावेत. उत्तर ९६.२५ अंश येते. हे संपूर्ण वाइंडिंगचे सरासरी तापमान आहे, सर्वांत गरम जागा त्याहून वर असते. वीज बंद केल्याक्षणी तांबे थंड होऊ लागते, म्हणून ठरावीक अंतराने अनेक आकडे घ्यावेत आणि आलेख मागे वाढवून बंद करण्याच्या क्षणाचा रोध काढावा.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे अशा स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यात ही रीत प्रायमरीला चालते. सेकंडरीचा रोध काही मिलिओहम असतो, त्याला चार तारांची मोजणी लागते आणि तीही डळमळीतच. तिथे नमुन्याचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळतानाच बारीक थर्मोकपल थरांमध्ये ठेवून घेणे हा उपाय. मात्र गाभ्याच्या फटीपासून तो लांब ठेवावा. फटीतून चुंबकीय क्षेत्र बाहेर फाकते आणि त्यात सापडलेली तार स्वतःच तापते. के-टाइपमधली अल्युमेल तार तर चुंबकाला चिकटणारीच आहे, म्हणून अशा जागी टी-टाइप बरी. ई-टाइपमध्ये दोन्ही तारा अचुंबकीय असतात, दोघींची वाहकता कमी असते आणि अंशाला व्होल्टेजही के-टाइपहून जास्त मिळते, परंतु ती आपल्याकडच्या दुकानांत क्वचितच पाहायला मिळते.

तारेचे रंगही सांभाळा. अमेरिकी पद्धतीच्या के-टाइपमध्ये पिवळी तार धन आणि लाल तार ऋण असते, तर आयईसी पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. लाल म्हणजे धन ही आपली सवय इथे उलटी पडते. खात्री नसेल तर चुंबक लावून पाहावा, चिकटते ती ऋण.

प्रतिसाद : नागपूरकर

धन्यवाद. आमच्या भागासाठी एक व्यावहारिक सूचना. प्रयोगशाळेत ३० अंशांवर मोजून त्यात १५ मिळवायचे आणि ४५ अंशांचे उत्तर काढायचे, अशी पद्धत आहे. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि दिवा दिवसा बंद असला तरी उन्हात तापलेले आवरण संध्याकाळी तो लागतो तेव्हाही गरमच असते. शिवाय मॉसफेटचा चालू अवस्थेतील रोध तापमानाबरोबर वाढतो, म्हणजे १५ अंश मिळवल्यावर आलेला आकडा खऱ्याहून थोडा कमीच असतो. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरच्या बाबतीत तर प्रत्येक १० अंशांना आयुष्य साधारण निम्मे होते, त्यामुळे थर्मोकपलने दहा अंश कमी दाखवले की कागदावर आयुष्य दुप्पट होते. शक्य असेल त्यांनी गरम कक्षात प्रत्यक्ष ४५ किंवा ५० अंशांवरच मोजावे, आणि कक्षातल्या पंख्याचा झोत थेट नमुन्यावर येऊ देऊ नये. नमुन्याभोवती पुठ्ठ्याची मोकळी पेटी ठेवली तरी पुरते.

प्रतिसाद : शुद्धतरंग

सर्वांचे मनापासून आभार. पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ३६ गेजची तार मिळाली नाही, शेवटी ती ऑनलाइन मागवावी लागली. आखणारी ताईंच्या पद्धतीने इपॉक्सीने बसवून, तार मॉसफेटच्या अंगालगत खाली नेऊन मोजले, तर त्याच भारावर, झाकण उघडे ठेवून ९२ अंश आले. कॅमेरा ९३ वर कायम आहे. वीज बंद केल्यावर आकडा उडी मारत नाही. झाकण लावल्यावर साहजिकच आणखी वाढले, त्यामुळे हीटसिंकच्या पत्र्याचे क्षेत्रफळ वाढवण्याचे काम आता डिझाइन विभागाकडे गेले आहे.

शेवटची शंका : इपॉक्सीत अडकलेला थर्मोकपल पुन्हा वापरता येतो का? तार स्वस्त नाही.

प्रतिसाद : तापमान तपासनीस

टोक सोडवत बसू नका. गरम हवेच्या झोताने इपॉक्सी मऊ होते, पण ओढाताणीत ३६ गेजची तार गळ्यापाशी हमखास मोडते. टोकापाशी तार कापावी, नव्याने सोलावी आणि वेल्ड करून नवा गोळा तयार करावा. के-टाइपमध्ये एका लांबीतून असे बरेच थर्मोकपल निघतात, कारण सगळी तार एकाच मिश्रधातूंची असते. तार कमी पडली म्हणून तिला साधी तांब्याची तार मात्र जोडू नये. तो सांधा गरम कक्षात राहिला तर सांधा आणि मीटर यांच्या तापमानांत जितका फरक असेल, साधारण तितका आकडा चुकतो. वाढवायचीच असेल तर के-टाइपचीच तार आणि के-टाइपचाच प्लग वापरावा.

प्रत्येक नवा गोळा दोन ठिकाणी तपासावा : ठेचलेला बर्फ आणि पाणी यांच्या घट्ट लगद्यात, आणि उकळत्या पाण्यात, भांड्याच्या तळाला न टेकवता. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथे पाणी १०० ला नव्हे, ९८ च्या आसपास उकळते. मीटरवर ९८ दिसले तर थर्मोकपल ठीक आहे, आणि पूर्ण १०० दिसले तर थर्मोकपलचे टोक पुन्हा एकदा बर्फात घालून मीटर तपासावा.